नवीन धंदा सुरू केलाय? मग "सरकारी फी भरा" म्हणणाऱ्या फोनपासून असं सांभाळा

धंदा रजिस्टर केला की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. "जीएसटी ऑफिसातून बोलतोय", "तुमचं उद्यमचं सर्टिफिकेट पेंडिंग आहे", "फूड लायसन्सवर कंप्लेंट आलीय, दंड भरा नायतर दुकान सील होईल". बोलणारा एकदम साहेबी थाटात बोलतो, तुमच्या फर्मचं नाव बरोबर घेतो, पत्ता बरोबर सांगतो, कधीकधी पॅन नंबरसुद्धा वाचून दाखवतो, आणि नवीन माणूस आधीच गोंधळलेला असतो की नेमकं काय काय भरायचं असतं, म्हणून तो विचार करतो की जाऊदे, दोन-चार हजारासाठी कशाला लफडं, आणि पाठवून मोकळा होतो.

मी नाशिकला छोट्या दुकानदारांची आणि घरगुती उद्योग करणाऱ्यांची हिशेबाची, रजिस्ट्रेशनची कामं करते. हे प्रकार रोज कानावर येतात आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण यात फसणारा माणूस हावरट नसतो, तो नियम पाळायला निघालेला असतो. म्हणून ही सगळी माहिती एका जागी लिहितेय. सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा: सरकारचं देणं खरं असेल तर ते तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतं, किंवा नंबर असलेल्या नोटिशीत असतं आणि तो नंबर तुम्हाला घरबसल्या तपासता येतो. फोनवर कोण काय बोललं त्यावरून देणं ठरत नाही.

पायरी १: त्यांच्याकडे माहिती कुठून येते ते समजून घ्या

हे आधी सांगते कारण "त्याला माझी सगळी माहिती होती हो" हेच वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. माहिती असणं म्हणजे तो सरकारी माणूस असणं नव्हे. तुमचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कुणीही टाकला की फर्मचं नाव, धंद्याचा पत्ता, रजिस्ट्रेशनची तारीख सगळं समोर येतं, त्याला लॉगिन लागत नाही. आणि जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, त्यात पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राला २७, आणि त्याच्या पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅनच असतो. तुमच्या बिलावर, पाटीवर जीएसटी नंबर छापलेला आहे म्हणजे पॅनही छापलेलाच आहे. तेव्हा फोनवर पॅन सांगितला तर दचकू नका.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव, पत्ता, डायरेक्टरांची नावं ही माहिती पब्लिकच असते. ट्रेडमार्कचा अर्ज केला तर तो रेकॉर्डवर येतो, पुढे ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, त्यात तुमचा पत्ता असतो. मोबाईल नंबर मात्र बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो, कुठल्यातरी "फ्री कन्सल्टेशन"च्या फॉर्ममध्ये किंवा सरकारी समजून भरलेल्या प्रायव्हेट वेबसाइटवर. तिथून तो पुढे विकला जातो.

पायरी २: खरं काय भरायचं असतं त्याची आपली यादी करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि लोक हीच टाळतात. तुम्हाला खरा आकडा माहीत असेल तर खोटा आकडा सांगणारा पहिल्या मिनिटात उघडा पडतो. एका वहीत लिहून काढा आणि ती गल्ल्याजवळ ठेवा, मोबाईलमध्ये नको, कारण फोन चालू असताना मोबाईल बघायला सुचत नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. फुकट. पूर्ण फुकट. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे, आधीच्या उद्योग आधारच्या जागी आलेली. आधार आणि पॅन लागतं, जिथे जीएसटी लागू आहे तिथे जीएसटी नंबर, बाकी कागद अपलोड करायचे नसतात. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, धंद्याचा प्रकार निवडायचा, गुंतवणूक आणि उलाढाल टाकायची, झालं. सर्टिफिकेट फुकट, त्यावरचा क्यूआर कोड फुकट, आणि त्याला रिन्यूअल नसतं. "तुमचं उद्यम एक्सपायर होतंय" असं कुणी म्हणालं की तिथेच फोन ठेवा. माहिती बदलली तर अपडेट करायची असते, त्यालाही सरकार पैसे घेत नाही. त्या पोर्टलवरच लिहिलंय की हे पोर्टल आणि सरकारच्या सिंगल विंडो यंत्रणा सोडून दुसऱ्या कुठल्याही खाजगी संस्थेला किंवा माणसाला हे रजिस्ट्रेशन करायचा अधिकार नाही.

जीएसटी रजिस्ट्रेशन. हेही फुकट. अर्ज केल्यावर एआरएन नंबर येतो, त्यावरून अर्ज कुठे अडकलाय ते तुम्हीच बघू शकता. अधिकाऱ्याला काही शंका असेल तर तो पोर्टलवरच नोटीस टाकतो, तिला आरईजी-०३ म्हणतात, आणि तुम्ही कामाच्या ७ दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यायचं असतं. जागा बघायला माणूस येऊ शकतो, फोटो काढतो, पण "व्हेरिफिकेशन चार्ज" नावाची कुठलीही फी नाही. नेहमीच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट दरवर्षी नवीन करावं लागत नाही. आणि मुळात फक्त माल विकत असाल तर आपल्याकडे ४० लाखांपर्यंत, सेवा देत असाल तर २० लाखांपर्यंत उलाढालीला सर्वसाधारणपणे जीएसटी सक्तीचा नाही (परराज्यात माल पाठवणं वगैरे काही गोष्टींत वेगळे नियम आहेत, ते सीएला विचारा), म्हणजे काही जणांना जो नंबर लागतच नाही त्याच्यासाठी "दंड" मागितला जातो.

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानाची नोंदणी. महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानाला फक्त ऑनलाइन इंटिमेशन, म्हणजे दुकान सुरू केल्याची सूचना, द्यायची असते आणि पावती मिळते. त्याचा सरकारी खर्च अगदी किरकोळ आहे, अर्ज भरताना स्क्रीनवर दिसतो. कुणी शॉप ॲक्टचे अडीच-तीन हजार सांगितले तर त्यातले बहुतेक त्याची स्वतःची मजुरी असते हे समजून घ्या. मजुरी घेणं गुन्हा नाही, पण ती "सरकारी फी" म्हणून सांगणं ही फसवणूकच.

प्रोफेशनल टॅक्स. हा खरा आहे, त्यामुळे इथे जास्त गोंधळ होतो. धंदेवाल्याने स्वतःसाठी घ्यायचं ते पीटीईसी, त्याचा कर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये. नोकर ठेवलेत आणि त्यांच्या पगारातून कापायचाय तर पीटीआरसी. नंबर घ्यायला फी नाही, कर असतो तो कर. भरणा राज्याच्या महाजीएसटीच्या साइटवरून. कंपनी काढली असेल तर हे रजिस्ट्रेशन कंपनीच्या फॉर्मसोबतच होऊन जातं, मग पुन्हा "पीटी रजिस्ट्रेशन फी" कशाची?

खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय, म्हणजे फूड लायसन्स. छोट्या घरगुती धंद्याच्या बेसिक रजिस्ट्रेशनची सरकारी फी वर्षाला १०० रुपये ठरवलेली होती, स्टेट लायसन्सची २,००० पासून. आत्ताचा आकडा फूड लायसन्सच्या सरकारी फॉसकॉस पोर्टलवर बघूनच वहीत लिहा, नियम बदलत राहतात. पण पापड-लोणचं करणाऱ्या बाईकडून घरगुती धंद्याला पाच हजार "गव्हर्मेंट फी" मागितली जाते तेव्हा फरक किती आहे ते बघा.

एक्सपोर्ट करायचंय तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, ५०० रुपये, डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या साइटवर. हा कोड दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा असतो आणि त्या काळात त्याला फी नसते. नेमक्या त्याच महिन्यांत "आयईसी रिन्यूअल"चे मेसेज येतात.

ट्रेडमार्कला ऑनलाइन अर्ज केला तर एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर एका क्लासला (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका वर्गाला) ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी झाली की ती १० वर्षं चालते. मध्येच "इंटरनॅशनल रजिस्टरमध्ये नाव टाकायची फी" म्हणून बिल येतं, इंग्रजीत, परदेशी पत्त्याचं, डॉलर नायतर युरोमध्ये. हे बिल सरकारी नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेही अशा फसव्या बिलांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे.

स्टार्टअप इंडियाची मान्यता फुकट. महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांचे परवाने गावागणिक वेगळे, ते तिथल्या नागरी सुविधा केंद्रात जाऊन प्रत्यक्ष विचारा आणि वहीत लिहा. धंदा गोव्यात, बेळगावात किंवा इंदूरला असेल तर राज्याचे कर आणि पोर्टल वेगळी असतील पण उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स सगळ्या देशात एकच.

पायरी ३: पोर्टलवर स्वतः जा, कुणाच्या लिंकवरून नको

गुगलवर उद्यम रजिस्ट्रेशन असं टाकून बघा. वरती येतात त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात, बारीक अक्षरात "प्रायोजित" किंवा "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं. क्लिक केलं की तिरंगी पट्टी, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्र, सरकारी फॉर्मसारखाच फॉर्म. भरत भरत खाली गेलं की शेवटी पेमेंट, दीड-दोन हजार, कधी त्याहून जास्त. आणि पानाच्या एकदम तळाशी करड्या रंगात लिहिलेलं असतं की आम्ही खाजगी सल्लागार आहोत, सरकारशी संबंध नाही. म्हणून कुठल्याही साइटवर फॉर्म भरायच्या आधी पहिल्यांदा तळाला जा आणि ते बारीक अक्षर वाचा, मग वर या.

पत्ता कसा वाचायचा ते सांगते. सरकारी साइटचा पत्ता बहुतेक वेळा "डॉट जीओव्ही डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" असा संपतो. नुसतं "डॉट इन", "डॉट ओआरजी", "डॉट कॉम" कुणालाही विकत मिळतं. चोर काय करतात, पत्त्याच्या मध्येच जीओव्ही घुसवतात, म्हणजे "उद्यम डॅश जीओव्ही डॉट कॉम" किंवा "जीओव्ही डॉट इन डॉट" आणि पुढे अजून काहीतरी. तर सुरुवातीचं "https://" सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा, शेवट काय आहे तेच खरं. अपवादही आहेत, उदाहरणार्थ कर्जाचं जनसमर्थ पोर्टल केंद्र सरकारचंच आहे पण त्याचा शेवट नुसता "डॉट इन" आहे. अशा वेळी मंत्रालयाच्या किंवा बँकेच्या मूळ साइटवरून तिथे जा.

एकदा खरं पोर्टल सापडलं की बुकमार्क करून ठेवा. उद्यम, जीएसटी, महाजीएसटी, इन्कम टॅक्स, आपले सरकार, आणि लागू असेल तर फॉसकॉस, एवढे पुरे. पुढे कधीही काही मेसेज आला तर मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही, आपल्या बुकमार्कवरून लॉगिन करायचं आणि तिथे काही दिसतंय का बघायचं.

आणि हो, लॉगिन तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर आणि ईमेलवर करून घ्या. बरेच नवीन लोक एजंटाचाच नंबर आणि ईमेल टाकून देतात, मग खरी नोटीस आली तरी यांना कळत नाही आणि खोटी आली तर तपासायला लॉगिनच नसतं. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. ज्याच्याकडून रजिस्ट्रेशन केलंय त्याच्याकडून युजर आयडी, पासवर्ड आजच मागून घ्या, पासवर्ड बदला.

पायरी ४: आलेलं पत्र नीट वाचा, घाई न करता

आमच्याकडे मसाले करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना उद्यम काढल्यावर व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. त्यांचा मला फोन, "मॅडम भरून टाकू का, पाच हजाराच्या आतच आहे, उगाच पुढे त्रास नको." मी म्हटलं आधी मला पाठवा. पत्र दिसायला भारी होतं, वर अशोकस्तंभ, खाली गोल जांभळा शिक्का, सही, आणि लाल अक्षरात "अंतिम सूचना". पण वाचत गेलं की एकेक निघायला लागलं. वर लिहिलेलं "उद्योग नोंदणी मंत्रालय, भारत सरकार". असं मंत्रालयच नाही, उद्यम ज्यांच्याकडे आहे ते सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्यम मंत्रालय. ताईंचं नाव बरोबर, फर्मचं नाव बरोबर, पण जावक क्रमांकाच्या जागी त्यांचाच मोबाईल नंबर टाकलेला. फीचा हिशेब असा की प्रमाणपत्र शुल्क २,४९९, पडताळणी शुल्क १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४,७१९ रुपये. मुळात जी गोष्ट फुकट आहे तिच्यावर शुल्क, आणि त्या शुल्कावर परत टॅक्स. मुदत आज सायंकाळी ५ पर्यंत. आणि खाली क्यूआर कोड.

तो कोड मी स्कॅन करून फक्त नाव बघितलं, पैसे टाकायच्या आधीच ॲपमध्ये नाव येतं. कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं नाव होतं. ताईंना ते दाखवलं आणि त्यांनी नंबर ब्लॉक केला.

तर पत्रात बघायच्या गोष्टी याच. खात्याचं नाव खरं आहे का. संदर्भ क्रमांक आहे का. कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली मागताय ते लिहिलंय का. मुदत काही तासांची आहे का, कारण खऱ्या नोटिशीला उत्तर द्यायला दिवस मिळतात, तास नाही. आणि पैसे कुणाच्या नावावर जाणार आहेत. शुद्धलेखनाच्या चुका बघा असं पूर्वी सांगायचे, आता त्यावर भरवसा ठेवू नका, हल्लीच्या खोट्या पत्रांची भाषा एकदम स्वच्छ असते.

मेसेजसोबत "नोटीस" म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही. ती नोटीस नसते, ते ॲप असतं, इन्स्टॉल झालं की तुमचे ओटीपी वाचतं. तसंच "साहेब स्क्रीन शेअर करा, मी सांगतो कुठे क्लिक करायचं" याला सरळ नाही म्हणा.

पायरी ५: नोटिशीचा नंबर तपासा

हे फार कमी लोकांना माहीत असतं. केंद्राच्या जीएसटी आणि कस्टम्स खात्याने नोव्हेंबर २०१९ पासून पत्रांवर डीआयएन नावाचा नंबर टाकायला सुरुवात केली. या खात्याच्या, म्हणजे सीबीआयसीच्या, साइटवर हा डीआयएन टाकून पत्र खरं का खोटं ते कळतं. जे पत्र जीएसटी पोर्टलवरूनच निघतं त्यावर आरएफएन नंबर असतो आणि तो पोर्टलवर लॉगिनशिवाय तपासता येतो. इन्कम टॅक्सच्या नोटिशीवरही १ ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन असतो, त्यांच्या ई-फायलिंग साइटवर पहिल्याच पानावर नोटीस तपासायची सोय आहे.

नंबर जुळला नाही किंवा नंबरच नाही, तर पैसे भरायचा प्रश्न येत नाही. नंबर जुळला तर मात्र दुर्लक्ष करू नका, ती खरी नोटीस आहे, सीएकडे न्या आणि मुदतीत उत्तर द्या. सगळंच खोटं समजून खऱ्या नोटिशी कचऱ्यात टाकणारेही भेटतात, आणि त्यांना खरा दंड बसतो.

फोनवर असाल तर एवढंच बोला: "तुमचं नाव, हुद्दा, ऑफिसचा पत्ता आणि नोटिशीचा नंबर सांगा, मी उद्या ऑफिसला येतो." खरा अधिकारी हे सांगेल. खोटा चिडेल, किंवा "साहेबांशी बोला" म्हणून दुसऱ्याला फोन देईल, किंवा अटकेची भाषा करेल. ट्रूकॉलरवर "जीएसटी ऑफिस" नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, तिथली नावं कुणीही तशी करून ठेवू शकतो. आणि व्हिडिओ कॉलवर अटक, ज्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, असला काही प्रकार आपल्या कायद्यात नाहीच.

पायरी ६: आधी चलन, मग पैसे

यूपीआयने पैसे मागितले म्हणजे खोटंच असं नाही, सरकारी पोर्टलवरही यूपीआय चालतं. फरक क्रमाचा आहे. सरकारी भरण्यात आधी तुमच्या लॉगिनमध्ये किंवा पोर्टलवर चलन तयार होतं, त्याला नंबर पडतो, मग त्या नंबरावर पैसे जातात आणि पावती तिथेच येते. जीएसटीला सीपीआयएन असतो, राज्याच्या बऱ्याच भरण्यांना ग्रास नावाच्या यंत्रणेतून जीआरएन नंबर मिळतो, केंद्राच्या इतर फीला भारतकोश नावाचं पोर्टल आहे. चलन नाही, नुसता क्यूआर, किंवा कुणाचा दहा आकडी मोबाईल नंबर, किंवा कुणाचं बचत खातं, तर तो सरकारी भरणा नाही. "ऑफिसची साइट बंद आहे, माझ्या नंबरवर टाका, मी भरतो" हे तर अजिबात नाही.

पायरी ७: दुकानात माणूस आला तर

फोनपेक्षा हे अवघड, कारण समोर माणूस उभा असतो, गळ्यात कार्ड, हातात फाइल, आणि दुकानात गिऱ्हाईक असतं. ते नेहमी खऱ्या नियमाचा धागा पकडून येतात. पाटी मराठीत, देवनागरीत हवी हा नियम खरा आहे. जीएसटी सर्टिफिकेट दर्शनी भागात लावायचं आणि पाटीवर नंबर लिहायचा हेही खरं आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं दरवर्षी पासिंग करून घ्यायचं, तेही खरं. मग तो म्हणतो, हे नाहीये, दहा हजार दंड आहे, पण दोन हजारात मिटवतो. नियम खरा असला तरी दंड असा काउंटरवर मिटत नाही.

शांतपणे ओळखपत्र मागा, नाव आणि ऑफिस लिहून घ्या, ओळखपत्राचा फोटो काढू का विचारा, आणि सांगा की लेखी द्या, मी ऑफिसला येऊन भरतो, पावती घेतो. आवाज चढवायची गरज नाही. वजनकाट्याचं असेल तर आपल्या भागातल्या वैधमापन शास्त्र कार्यालयाचा पत्ता आधीच माहीत करून घ्या. आणि खऱ्या नियमांची पूर्तता आधीच करून ठेवा म्हणजे घाबरवायला धागाच उरत नाही. दुकानात नोकर किंवा घरचं कुणी बसत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा की मालक नसताना कुठल्याही सरकारी माणसाला गल्ल्यातून एक रुपया द्यायचा नाही. हे लोक मालक जेवायला गेल्याची वेळ बघून येतात.

पायरी ८: एजंट, सीए आणि सेवा केंद्राकडून बिल कसं घ्यायचं

मी स्वतः हे काम करते, म्हणून स्पष्ट बोलते. मदत घेणं चांगलंच आहे, प्रत्येकाला पोर्टल जमतं असं नाही, आणि कामाचे पैसे द्यायलाच हवेत. पण बिलात दोन ओळी वेगळ्या मागा: सरकारी फी इतकी, आमची फी इतकी. सरकारी फीच्या ओळीला चलनाची कॉपी जोडलेली हवी. हे मागितल्यावर जो नाराज होतो त्याच्याकडे काम देऊ नका. डिजिटल सिग्नेचरसारख्या काही गोष्टी खाजगी कंपन्यांकडूनच घ्यायच्या असतात, त्याचे पैसे लागतात, ते वेगळं. आपले सरकार सेवा केंद्रात गेलात तर दरपत्रक बघा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.

कागद देताना आधारची मास्क केलेली कॉपी द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सवर "फक्त शॉप ॲक्टसाठी" असं आडवं लिहून तारीख टाका. नुसते फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, कारण दुसऱ्याच्या कागदांवर बोगस फर्म काढून खोटी बिलं फाडली जातात आणि नोटीस मूळ माणसाला येते. जीएसटी पोर्टलवर पॅनवरून शोधायची सोय आहे, तिथे अधूनमधून आपला पॅन टाकून बघा की आपल्या नावावर भलताच नंबर तर नाही ना.

पायरी ९: कर्ज आणि सबसिडीच्या नावाने येणारी मागणी

"तुमचं १० लाखांचं मुद्रा लोन मंजूर, प्रोसेसिंग फी भरा", अशी पंतप्रधानांच्या फोटोसकट पत्रं फिरतात, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ती कितीतरी वेळा खोटी म्हणून जाहीर केलीत. मुद्रा ही संस्था थेट लोकांना कर्ज देतच नाही, ती बँकांना पैसे पुरवते, कर्ज बँकच देते. तुम्ही बँकेत अर्ज केलेला नसेल तर मंजूर काय होणार? ५० हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाला तर बँका सहसा प्रोसेसिंग फीसुद्धा लावत नाहीत. नवीन उद्योगाला कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या पीएमईजीपी किंवा आपल्या राज्याच्या सीएमईजीपी योजनेसाठी अर्ज ऑनलाइन फुकट होतो, अडचण आली तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, तिथे बसून विचारा. "सबसिडी सोडवून देतो, आधी दहा टक्के द्या" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

पैसे गेलेच तर

लाज बाळगून घरात गप्प बसू नका, वेळ फार महत्त्वाची आहे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, आणि लागला नाही तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे समोरच्याच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार पोचली तर ती रक्कम गोठवता येते, म्हणून पहिले काही तास कामाचे. फोन करताना जवळ ठेवा: कुठल्या बँकेतून गेले, तारीख-वेळ, रक्कम, यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, समोरच्याचा नंबर आणि स्क्रीनशॉट. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे. एपीके इन्स्टॉल झालं असेल तर आधी नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं ब्लॉक करा. आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे परत मिळणं सोपं नाही हे खरं, पण तक्रारच नसेल तर काहीच होत नाही. नंतर "तुमचे पैसे परत काढून देतो, फी भरा" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा किंवा तसल्याच दुसऱ्यांचा असतो.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन किंवा मेसेज आला, तर संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे, पुढच्या कुणालातरी तो फोन जाण्याआधी नंबर बंद होऊ शकतो.

आणि समोरचा माणूस खराच अधिकारी निघाला, पण पावतीशिवाय पैसे मागतोय, तर ती लाच आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. वहीत १९३० च्या खालीच लिहून ठेवा.